टॅग कुठंय?

बाबा वीज केंद्रातून निवृत्त झाले, पण त्यांचा राउंड काही सुटला नाही. दीपनगरच्या कंट्रोल रूममध्ये उभी हयात गेली त्यांची. आता रोज संध्याकाळी घरात फिरतात. गॅसचा नॉब, नळ, मीटर, इन्व्हर्टरचं पाणी, सगळं तपासल्याशिवाय चहा नाही.

त्या दिवशी चार वाजता माझी ऑनलाइन मुलाखत होती. कंपनी पुण्याची, पण काम घरून. ही नोकरी लागली तर मी बाबांजवळ राहणार होते, नाहीतर पुण्यात खोली बघायची. आई गेल्यापासून त्यांना एकटं टाकून जाणं मला नको होतं. मुलाखतीत मला माझा प्रोग्रॅम चालवून दाखवायचा होता.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्सच्या दोन सिस्टिम आहेत. उबुंटू बाबांसाठी, बुद्धवंदना ऐकायला आणि बातम्या वाचायला. आर्च माझं, कामाचं; माझा प्रोग्रॅम त्यातच होता. लॅपटॉप चालू केला की मेनू येतो, हवं ते निवडायचं. दुपारी जेवून मी आर्च निवडलं, तर काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ: सही चुकीची आहे. बाबांचं उबुंटू मात्र झोकात सुरू झालं.

मी नुकतंच अपडेट केलं होतं, म्हणून आधी स्वतःलाच शिव्या घातल्या. उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून आत शिरून मेनू नव्याने बसवला. तीच ओळ. आर्चचा गाभा, म्हणजे कर्नल, पुन्हा टाकला. तीच ओळ. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

शेवटी लॅपटॉपच्या मुळातल्या सेटिंगमध्ये गेले. तिथे 'सिक्युअर बूट' चालू! हे चालू असलं की ओळखीची डिजिटल सही नसलेली सिस्टिम सुरूच होत नाही. उबुंटूवर सही असते, माझ्या आर्चवर नाही, म्हणून मीच ते बंद करून ठेवलं होतं.

"बाबा, लॅपटॉपला हात लावला होता?"

"काल, राउंडला," बाबा शांतपणे म्हणाले. "तू एफ-टू दाबून आत जातेस ते पाहिलं होतं. सुरक्षेपुढे 'डिसेबल्ड' दिसलं. केलं चालू. संघमित्रा, प्रोटेक्शन असं बायपास करून कुणी ठेवतं का?"

"मी मुद्दाम ठेवलं होतं."

"मग टॅग कुठंय?"

केंद्रातली रीत अशी, की मुद्दाम काही बंद केलं तर त्यावर आपल्या नावाचा लाल टॅग टांगायचा. टॅग असला तर साहेबसुद्धा हात लावत नाही. ज्याचं नाव, त्यानेच तो काढायचा. म्हणजे बाबा त्यांच्या नियमाने बरोबर होते, आणि याचाच मला जास्त राग आला.

सिक्युअर बूट बंद केलं, आर्च निवडलं, आणि माझा पडदा उजळला. चार वाजत आले होते. तेवढ्यात बाबांनी लाल पुठ्ठा कापून त्यावर लिहिलं: 'काम चालू. हात लावू नये. संघमित्रा युवराज तायडे.' तो घराच्या दाराच्या बाहेरच्या कडीला अडकवला आणि घाईघाईने दार ओढून घेतलं.

प्रोग्रॅम चालला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलं, अलीकडे एखादी अडचण कशी शोधून काढलीत? मी आत्ताचीच सांगितली, टॅगसकट. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "सोमवारपासून सुरू करा."

मी धावत दार उघडलं. बाबा उन्हात पायरीवर अनवाणी उभे. चपला आतच राहिल्या होत्या. शेजारचे धुळ्याकडचे जीवराम नाना त्यांना समजावत होते, "भाऊ, घर तुमनंच शे ना."

"टॅगवर नाव तिचं आहे," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काम झालं?"

"झालं बाबा. नोकरी लागली. मी इथंच राहणार."

बाबांनी बाहीने डोळे पुसले आणि कडीकडे बोट दाखवलं.

"मग काढ तो टॅग. पाय भाजलेत माझे."