तेलाचा हात

मुंबईहून दोन खोके आले, तेही जुने, वापरलेले, आणि त्यांच्यापायी आमची होडी गेली. हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बकुळेनं गोड बोलून फसवलं.

खोके म्हणजे क्रिप्टोचं नाणं काढायची यंत्रं. ते नाणं मेलं कोणी डोळ्यांनी बघितलेलं नाय. माझा मुलगा सोहम मुंबईत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता. दुकान बंद पडलं तसा हे खूळ डोक्यात घेऊन घरी आला. "आये, हे यंत्र दिवसरात्र गणितं सोडवत बसतं, त्याचे आपल्याला पैसे मिळतात." मी म्हटलं, "आणि गणितं चुकली तर छड्या कोण खाणार, मी?" तो हसला.

पण यांना पटलं. आमचे हे म्हणजे खंडू तांडेल, अख्ख्या मिरकरवाड्यात नाव. पण हल्ली जाळ्यात मासळीपेक्षा जेलीफिशच जास्त येत होते, डिझेलसुद्धा सुटत नव्हतं. यांनी होडी वाड्यातल्याच बाबाजीला विकली आणि त्यातून यंत्रं आली, जाड वायरी आल्या, विजेचा मोठा मीटर आला. "हे चाललं तर मला दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जावं नाय लागणार," एवढंच म्हणाले. जन्मभर सुकाणू धरलेल्या माणसानं दुसऱ्याची जाळी ओढायची, हे मला बघवणार नव्हतं.

पावसाळ्याची मासेमारी बंदी चालू होती. जाळी ठेवायच्या खोपीत सोहमनं लोखंडी मांडणी ठोकली, यंत्रं चढवली आणि बटण दाबलं. अगो बाय, केवढा तो आवाज! शेजारची गोदूबाई धावत आली, "गिरण टाकलीस काय गो?" सोहम मोबाईल दाखवत नाचत होता. "बघा, आतल्या सर्किटच्या सगळ्या पाट्या इथे दिसतायत! तापमान पण बरोबर!" यांनी नारळ फोडला, तर हा ओरडला, "बाबा, पाणी आत नको!" यांनी गपचूप ते उंबऱ्यावर ओतलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

थोडे दिवस चालवून बघितल्यावर सोहमनं यंत्रं बंद करून उघडली. आत बोट फिरवून त्याला लागलेलं मीठ यांना दाखवलं. "बाबा, ही आपली खारी हवा. एकदा गंज धरला की यंत्र कामातून गेलं. हवा गाळून आत सोडायला पाहिजे." आणि यंत्रं तशीच उघडी ठेवून तो मिरजोळ्याला गेला, पत्र्याचा मोठा नळ आणि पंखा करून आणायला. मी सुकी मासळी घेऊन बाजारात गेले. घरी हे एकटे.

संध्याकाळी आले तर हे फडक्याला हात पुसत बसलेले. होडी गेल्यापासून असा खुललेला चेहरा मी बघितला नव्हता.

"काय केलंत?"

"काय नाय. जरा तेलाचा हात फिरवला."

होडी वर ओढली की इंजिन पुसायचं, खाऱ्यानं गंजू नये म्हणून फटीफटीतून ब्रशनं तेल द्यायचं, हे यांचं दर बंदीतलं काम. यांचं इंजिन भर समुद्रात कधी बंद पडलं नाय ते त्यामुळेच. होडी विकताना यांनी फक्त तो ब्रश मागून घेतला होता. त्याच ब्रशनं, ज्याच्या केसांत वर्षानुवर्षांचं मीठ बसलेलं, यांनी दोन्ही यंत्रांना तेल दिलं आणि झाकणं नीट घट्ट लावून ठेवली. मला तर बरंच वाटलं. हातांना काहीतरी काम मिळालं म्हणून.

सोहम आला, त्यानं नळ बसवला. "झाकणं तुम्ही लावलीत? बरं केलंत," म्हणाला आणि बटण दाबलं.

आधी वास आला, मग धूर. त्यानं झडप घालून वीज तोडली, झाकण काढलं. आत पाट्यांवरून ब्रशातलं मीठ मिसळलेलं तेल ठिबकत होतं. हे म्हणाले, "इंजिनाला देतो तसंच दिलं रे. खाऱ्यापासून वाचावं म्हणून."

पुढचे दिवस सोहम स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश घेऊन पाट्या घासत होता. हे दारात बसून असायचे. आत जायची हिंमत नाय, उठून जायचीही नाय. शेवटी त्यानं परत सगळं जोडलं. पंखे फिरले. मोबाईलवर एकसुद्धा पाटी दिसेना. दुसऱ्या यंत्राचंही तेच. हे म्हणाले, "परत एकदा लावून बघ ना." त्यानं लावलं. मग परत लावलं.

"नाय होत, बाबा," सोहम म्हणाला. आवाज चढवला नाय. अरे ओरड ना मेल्या, शिव्या घाल, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ओरडला असता तर यांनाही उलटून बोलता आलं असतं, मलाही मध्ये पडता आलं असतं. तो नुसता वायरी गुंडाळत बसला. भंगारवाला खोके घेऊन गेला तेव्हा खोपीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मी पदर तोंडात कोंबून रडले.

ऑगस्ट लागला, बंदी उठली. हे बाबाजीकडे गेले, खलाशी म्हणून, आमच्याच होडीवर. मी जेटीपर्यंत डबा द्यायला गेले. बाबाजी माणूस वाईट नाय. सगळ्यांसमोर मोठ्या मानानं म्हणाला, "खंडू, इंजिनाचं तेल तूच बघ. तुझ्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाय."

यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"दुसऱ्या कोणाला सांग," म्हणाले, आणि जाळी उचलायला गेले.