गवत कापलेलं होतं

विमान रताळ्यांच्या मळ्यात नाक खुपसून बसलं होतं आणि याकापू रेडिओ हातात धरून गवताळ धावपट्टीच्या कडेला तसाच उभा होता. आपलं नेमकं चुकलं काय, हेच त्याच्या डोक्यात शिरेना.

उतरण्याआधी पायलट किलाने वरून विचारलं होतं, "गवत कापलंय का?" यानं सांगितलं, "कापलंय." त्यात खोटं ते काय? काल अख्ख्या टेकोवाई गावानं कापलं होतं. कापलेलं गवत पट्टीवरच पसरून वाळवायचं, मग घरं शाकारायला न्यायचं, ही इथली रीत. विमान यायचं मंगळवारी, तोवर सगळं उचललेलं असे. पण याकापूची बायको तिम्बू दोन दिवस अडली होती, पोटात बाळ आडवं, म्हणून तिला दवाखान्यात न्यायला विमान आज शुक्रवारीच बोलावलं. त्यात रात्री पाऊस झाला. ओल्या गवतावर ब्रेक लागलेच नाहीत.

"अरे शहाण्या, गवत पट्टीवरच पसरलंय हे कोण सांगणार?" कपाळावर फडकं दाबत किला खेकसला.

"तुम्ही कापलंय का एवढंच विचारलंत."

किलाने रक्तानं भिजलेलं फडकं उलटं करून पुन्हा कपाळाला लावलं.

"माझी रताळी तेवढी आयती खणून झाली," मळ्याचा मालक म्हातारा पेताई म्हणाला. कुणी हसलं नाही.

किलाने रेडिओवरून दुसरं विमान बोलावलं. ते जवळच होतं, पण ढग उतरत होते, एकदाच प्रयत्न करता येणार होता. बायकांनी भराभर गवत उचललं. मग रेडिओ बोलला, "याकापू, पट्टी कशी आहे?"

पंधरा वर्षं तो न बघता सांगत आला होता, छान आहे. आज तो शब्द तोंडातून फुटेना. "थांबा, चालून बघतो," तो म्हणाला.

तो अनवाणी निघाला. वरची बाजू घट्ट होती. खालच्या टोकाला बोटांमधून चिखल वर आला, दोनदा पाय सटकला. पण माणसाचा पाय वेगळा, विमानाचं चाक वेगळं. त्याला काय कळणार? विमानात चढवायला तिम्बूला झोळीत घालून पट्टीच्या कडेला आणलं होतं, तिचं कण्हणं ऐकू येत होतं. त्याला फार भीती वाटली, हो म्हणायची आणि नाही म्हणायचीही.

"लवकर सांग. येऊ का?"

"नको," तो म्हणाला. "घसराल."

ढगांवरचा आवाज एक घिरटी घालून दूर गेला. आता डोंगर उतरून रस्त्यापर्यंत दोन दिवसांची वाट. बांबूला झोळी बांधली, पेताईनं मागचं टोक धरलं, पुढचं याकापूसाठी राहिलं.

तिम्बूनं डोळे उघडले. "विमानाचा आवाज आला होता. कुठं गेलं?"

"मीच नको म्हटलं," याकापू म्हणाला. "बरोबर केलं की चूक, मला खरंच कळत नाही गं."

तिनं त्याच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघितलं.

"मग बघत काय राहिलास," ती म्हणाली, "उचल."