आडवा धुरा

चिचगडच्या कॉलेजच्या पोरी केवळरामच्या शेतातल्या, धान कापलेल्या बांध्यांमध्ये बेसबॉलचा सराव करत. शेवटच्या बेसच्या अलीकडेच धुरा, म्हणजे शेताचा मातीचा बांध, आडवा, म्हणून तिथं उडी मारायची सवयच जडली. सामन्यात सपाट मैदानावरही त्या उडायच्या, वेग मोडायचा आणि बाद व्हायच्या. त्यांचे प्रशिक्षक धर्मेंद्र सर हंगामभर भडकलेले. "इथं धुरा हाये का? कायले उडून राहिल्या?"

शेवटच्या सामन्यात केवळरामची पोरगी नूतन जीव खाऊन धावली. तिला बाद करायला समोरच्या संघातली एक पोरगी चेंडू घेऊन पायाशी झेपावली, आणि नूतन सवयीनं उडाली ती थेट तिच्यावरून शेवटच्या बेसवर! हंगामातला पहिलाच विजय.

दुसऱ्या दिवशी सरांच्याच जुन्या सांगण्यावरून केवळराम धुरा फोडायला फावडं घेऊन आला. सर धुऱ्यावर बसलेलेच होते.

"खबरदार, याले हात लावला तं!"