निपचित नर

एकोणीसशे बासष्टच्या मे महिन्यात रोझारियो मास्तरांची तेरेझा मुंबईहून मालवणला आली ती बाटल्यांतून फळमाश्या घेऊन. गुणसूत्रांवर तिचं संशोधन चालू होतं, आणि माश्यांना सुट्टी नसते. शेजारच्या काशीबाईंनी नाक मुरडलं, "समोर दर्यो आसा, आणि मासे सोडून माश्या पाळतंस?"

काशीबाईंचं खरं दुःख वेगळं होतं. मुलाच्या, गुरुदासच्या, लग्नाला सात वर्षं झाली, तरी घरात पाळणा नव्हता. दोष अर्थातच सुनेचा. रुक्मिणी उपास करी आणि गुरुदास बाजारात मिशीला पीळ देत हिंडे. आता तिला शिरोड्याला माहेरी धाडून तळेरे गावची मुलगी दुसरी सून म्हणून आणायचं घाटत होतं.

एका दुपारी रुक्मिणी माश्या बघायला आली. तेरेझाने दोन नरांची वृषणं दोन काचांवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात फोडली आणि तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. पहिल्या काचेवर केसासारखे शुक्राणू वळवळत होते. दुसऱ्या काचेवरचे निपचित पडले होते.

"ह्यो नर आजारी आसा?"

"नाय गो. खाता, पिता, मादीपाठी नाचता. पण ह्येका वाय गुणसूत्र नाय. शुक्राणू होण्याआधीच त्येच्यावरची जनुकां शेपटीची तजवीज करतत आणि मग गप होतत. तीच नाय, तर शेपूट हलतला कसा?"

"म्हणजे दोष नराचो?"

"ह्या माशीत. माणसाचां वेगळां. ता डॉक्टराक विचारूक व्हया."

त्याच दिवशी जेवण वाढताना रुक्मिणी सासूला म्हणाली, "मी जातंय शिरोड्याक. पण आधी ह्येंची तपासणी करा."

"पुरुषाची तपासणी?" काशीबाईंचा घास हातातच राहिला.

सुनेने काचेवरच्या निपचित नराची गोष्ट सांगितली, तेव्हा आपली बरोबरी माशीशी झाली म्हणून गुरुदास ताटावरून उठला. रुक्मिणीने तीच गोष्ट विहिरीवर सांगितली. तीन दिवसांत बाजारात जो तो गुरुदासच्या तब्येतीची चौकशी करू लागला. लोकांची तोंडं बंद करायला तो ऐटीत कोल्हापूरच्या डॉक्टरकडे गेला आणि मान खाली घालून परतला. शुक्राणू होते, पण हलत नव्हते.

काशीबाईंनी तात्काळ निदान केलं, "त्या बाटलीतल्या माश्यांचीच लागण झाली!"

तळेऱ्याच्या मंडळींनी परस्पर नकार कळवला. रुक्मिणी मात्र बोलल्याप्रमाणे शिरोड्याला निघून गेली. पंधरा दिवसांनी गुरुदास तिला न्यायला आला, तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "आईंका घेवन येवा. त्येंनीच माका धाडल्यानी."

काशीबाई आल्या. ओसरीवर बसून, जमिनीकडे बघत, "चल गो घराक," एवढंच म्हणाल्या. रुक्मिणीने त्यांना चहा दिला, आणि दोन दिवस थांबवून मगच निघाली.