पितळेचे सांधे

पायरीवरून पडल्यापासून शरणम्माच्या खुब्यात जोर उरला नव्हता. घरात ती भिंत धरून चाले. अंगणात धरायला काहीच नव्हतं. धरून चालण्यासाठी तिला चार पायांचा लोखंडी घोडा करून द्यायचं तिच्या नवऱ्यानं, शिवलिंगप्पानं ठरवलं. सोलापुरातल्या गिरणीत फिटरकी करण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती.

आधी तो रावजी लोहाराकडे गेला. रावजीनं सळ्या भट्टीत पांढऱ्या होईतो तापवल्या आणि घणानं एकजीव केल्या. सांधा कुठं आहे तेही ओळखू येईना. पण शरणम्मानं घोडा वीतभर सरकवला आणि ती खाली बसली.

"लई जड हाय," ती म्हणाली. "माजाच भार मला पेलंना."

मग शिवलिंगप्पानं पातळ नळी आणली. गिरणीत वर्षभरापूर्वी गॅसच्या ज्योतीनं लोखंड जोडायचं सामान आलं होतं. साहेबाला विचारून त्यानं नळी ज्योतीखाली धरली. जाड लोखंडाला सरावलेला हात. नळीला लगेच भोक पडलं. पुढच्या सांध्याला त्यानं ज्योत लांब धरली. सांधा दिसायला सुरेख झाला, पण त्यानं स्वतःचा भार टाकताच तडकला. हा तिच्या हातात तडकला असता तर, या विचारानं त्यानं ज्योत विझवली.

परतताना रावजीच्या दुकानापुढं कुणाची तरी सायकल उभी होती. तो थांबला.

"रावजी, सायकलची नळी एवढी पातळ. ती कशानं जोडत्यात?"

"पितळेनं. नळी वितळू द्यायचीच न्हाय. लाल झाली की मळ काढायला टाकणखार टाकायचा, वर पितळेची तार धरायची. पितळ वितळून आपसूक सांध्यात शिरतंय."

"मग आदी का सांगितलं न्हाईस?"

"तू मजबूत घोडा पायजे म्हणालास. कुणासाठी ते कुटं सांगितलंस?"

दोघांनी मिळून सगळे सांधे पितळेनं जोडले. रावजी घोड्यावर ओणवा झाला, मग शिवलिंगप्पा. काही हललं नाही.

शरणम्मानं पिवळ्या सांध्यांवरून बोट फिरवलं. शिवलिंगप्पा काळा रंग घेऊन आला, तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. कुटं जोडलंय ते मला दिसू द्या."

ती अंगण ओलांडून शेजारच्या चंद्रव्वाच्या दाराकडं निघाली. वाटेत दोनदा थांबली. तो चार पावलं मागं राहिला. हात मात्र पुढं केला नाही.