पंचवीस मीटर मागे

"हलू नकोस हं, राजा. तू हललास की आमचं सगळं मोजमाप हललं."

मला पहिल्यांदा वाळूत रोवलं, तेव्हा मोजणीदार आप्पा माझ्या अंगावरून हात फिरवत असं म्हणाले होते. तो आवाज अजून माझ्या लाकडात मुरलेला आहे. पूर्वी तो आठवला की ताठ उभं राहावंसं वाटायचं. आता आठवला की वाळूत गाडून घ्यावंसं वाटतं.

मित्रांनो, मी समुद्रकाठचा एक जुना लाकडी खांब आहे. अंगावर लाल-पांढरे पट्टे, डोक्यावर पितळी टोपी, पायाला डांबर. माझ्यावर दिवा नाही, मला कुणी नाव बांधत नाही. किनारा जागेवर आहे की नाही, हे माझ्यापासून मोजायचं, एवढ्यासाठीच मी उभा.

दर महिन्याला आप्पा माझ्या पोटातल्या खिळ्याला मोजफीत अडकवायचे आणि भरतीच्या खुणेपर्यंत चालत जायचे. लाट परतताना वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची ओळ टाकून जाते ना, तीच ती खूण. जितके मीटर भरतील तितके वहीत लिहायचे. चाळीस भरायचे. वादळी महिन्यांत लाटा वाळू ओढून न्यायच्या, शांत महिन्यांत दाणा दाणा परत आणून द्यायच्या. चाळीसचे सदतीस, सदतीसचे पुन्हा चाळीस. माहेरी जाऊन आल्यासारखी वाळू ताजी होऊन यायची.

मग पलीकडे बंदराची लांब भिंत उभी राहिली. वाळू काठाकाठानंही चालते, मित्रांनो, लाटांचं बोट धरून. भिंतीपाशी ती अडली. आमच्याकडची वाळू पुढे जात राहिली, मागून येणारी मात्र येईना. पुढच्याच मोठ्या वादळानं किनारा कुरतडून टाकला.

वादळात सगळी वस्ती टेकडीवरच्या शाळेत गेली होती. तिसऱ्या पहाटे एकटे आप्पा आले. मी वाकलेला, पायाखालची वाळू गेलेली. त्यांनी फीत धरली. पंधरा मीटर! दुसऱ्याच दिवशी कार्यालयातले साहेब येणार होते. एकाच खांबापासून सलग तीस वर्षं मोजणी, म्हणून आप्पांचा सत्कार होता.

आप्पांनी मला उपटलं. दोरी बांधून ओढत नेलं, तोंड खाली. मेलेले मासे, कुजलेलं शेवाळ, फुटलेल्या बोटीतलं काळं तेल, सगळं माझ्या पट्ट्यांना माखलं. पंचवीस मीटर मागे खड्डा खणून मला पुन्हा उभं केलं आणि फीत लावली. चाळीस भरले. त्यांनी वहीत चाळीस लिहिले. खांब हलवला तर तारखेसह नोंद करायची, असा साधा नियम. "उद्या लिहीन," असं पुटपुटत त्यांनी तारखेखाली एक ओळ कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या टोपीवर टिचकी मारली. "खांब असावा तर असा! एवढं वादळ झालं, पण गडी जागचा हलला नाही!" टाळ्या वाजल्या. आप्पा आपल्या चपलांकडे बघत राहिले. माझ्या अंगाला सडक्या मासळीचा वास येत होता आणि त्यावर तो कौतुकाचा वास. दोन्हींत कुठला जास्त घाण, ते मला आजही सांगता येत नाही.

आप्पा निवृत्त झाले. वही त्यांच्या लेकीकडे आली. पोर सरळ, जे भरेल ते लिहिणारी. पण मीच खोटा, तर ती काय करणार?

जाळी विणणाऱ्या मावशीचं घर आधी माझ्यामागे अठ्ठावीस मीटरवर होतं. आता ते तीन मीटरवर आलं. ती माझ्यावर जाळी वाळत घालू लागली. उधाण आलं की पाणी तिच्या पायरीला लागायचं. आत अंथरुणाला खिळलेली सासू. जरा पाऊल वाजलं की ती आतून विचारायची, "पाणी आलं का गं?"

दहा वर्षांत किनारा तीस मीटर मागे सरला तर सरकारकडून वर टेकडीवर जागा मिळणार होती. मावशीनं दोनदा अर्ज केला. वहीत किनारा जेमतेम पाच-सहा मीटर सरलेला.

"अहो, खांब माझ्या दारात आलाय!" ती म्हणाली.

"खांबाला पाय फुटले का, मावशी?" साहेब हसले.

आप्पांच्या लेकीनं तिची समजूत घातली. "आप्पा म्हणतात, वादळात तुमचं अंगण वाहून गेलं, म्हणून तो जवळ वाटतो."

"अंगण वाहील गं पोरी. पण खांब वाहिला तर समुद्राकडे जाईल की माझ्या चुलीकडे?"

पोरीनं वही उघडून परत मिटली. मावशी जाळं विणत माझ्याकडे बघून गुणगुणायची:

लाट आली गं दाराशी,
खांब उभा गं उशाशी,
साक्ष देशी तू कुणाशी,
बोल ना रे.

मला बोलता येत असतं तर! माझी मलाच शिसारी यायची. वाळवी लागलेली परवडली, पण हे उभं राहणं नको.

आज, वादळानंतरच्या सातव्या वर्षी, तिसऱ्या अर्जाची शेवटची पाहणी होती. जुन्या नोंदींसाठी आप्पांनाही बोलावलं होतं. लेकीनं फीत ताणली. बत्तीस.

"चाळीसचे बत्तीस. म्हणजे आठ मीटर," साहेबांनी फाइल मिटली. "बसत नाही हो नियमात. आम्ही तरी काय करणार?"

मावशीनं माझ्यावरचं जाळं ओढून काखेत धरलं. लेक मात्र वहीची जुनी पानं उलटत होती. एका पानावर तिचं बोट थांबलं.

"आप्पा, वादळाच्या तारखेखाली ही ओळ कोरी का?"

आप्पांनी ऐकलंच नाही असं केलं.

मित्रांनो, मला रंग नको, माझ्या टोपीला पॉलिशही नको. मी हललो तर हललो असं लिहा, मोडलो तर मोडलो असं लिहा. तुम्ही माझ्यापासून मोजता आणि त्या मोजमापाच्या भरवशावर कुणीतरी घरात झोपतं.

घरातून म्हातारीचा आवाज आला, "पाणी आलं का गं?"

आप्पांचा हात माझ्या अंगावर आला. रोवताना फिरवला होता तोच हात.

"खांब मी हलवला," ते म्हणाले. "लिही पोरी, त्या ओळीत लिही. आठात पंचवीस मिळव."