भामाबाईने पाहिलेला शेवट

दुपारी सव्वाचारला टॉकीजचं इंजिन बंद पडलं आणि बोरखडकच्या सोसायटीच्या गोदामात अंधार झाला. पडद्यावर कोर्ट भरलं होतं, दोन भाऊ पिंजऱ्यात उभे होते, त्यांची आई साक्षीला निघाली होती, आणि तेवढ्यात सगळंच गेलं.

सत्याऐंशीचा मे महिना. दिंद्रुडच्या पुढे कच्च्या रस्त्याला असलेल्या या गावात पाऊस लागोपाठ दोन वर्षं रुसला होता. सोसायटीत खत नव्हतं, बियाणं नव्हतं, गोदामात नुसते उंदीर. चेअरमन सुंदररावांनी ते एका दिवसासाठी फिरत्या टॉकीजला देऊन टाकलं. पत्र्याखाली भाजून निघायला होत होतं, पण भर दुपारी अंधार मिळत होता. त्यामुळे बाजारच्या दिवशी, रोजगार हमीच्या कामाला सुट्टी बघून, दोनचा खेळ खास बायकांसाठी ठेवला होता.

ऑपरेटर म्हाळू दारात येऊन म्हणाला, "इंजिन तापलंय. पिंपातलं पाणी आटलं. पाणी आसंल तर पुढं, न्हाई तर राम राम."

"पाणी आसतं तर हितं उकडत कशाला बसलो आस्तो?" वच्छलाबाईने विचारलं.

बायका हसत उठायला लागल्या. भामाबाई उठली नाही.

तिचं दुःख निराळं होतं. दरवर्षी जत्रेला टॉकीज यायची, आणि दरवर्षी ती पहिल्या रांगेत बसायची. पण खेळ निम्म्याच्या पुढे सरकला की म्हशीची वेळ व्हायची. दूध काढून ते डेअरीत घालायचं. कॅनची गाडी निघून गेली तर अख्खं दूध घरातच. त्यामुळे सासरी आल्यापासून भामाबाईने पिक्चर शंभर पाहिले असतील, शेवट एकाचाही पाहिला नव्हता. धार काढता काढता ती शेवट स्वतःच जुळवायची आणि दुसऱ्या दिवशी खडी फोडताना बायकांना सांगायची. तिच्या शेवटात मेलेली माणसं दवाखान्यातून उठून येत, आणि सावकाराची पोरगी नेमकी गरिबाघरी सुखी होई. एकदा वच्छलाबाई म्हणाली होती, "अगं, त्यो हिरो मरतो, म्या सोत्ता पाह्यलं." तर सगळ्यांनी तिलाच झोपाळू ठरवलं होतं.

यंदा म्हैस दुष्काळाच्या चारा छावणीत होती. नवरा शहादेव तिच्याजवळच मुक्कामाला होता. घरी धार नाही, डेअरी नाही, वाट बघणारं कुणी नाही. भामाबाईला पहिल्यांदाच शेवटापर्यंत बसायला मिळणार होतं.

"म्हाळूभाऊ, किती पाणी लागंल?" तिने विचारलं.

"चार घागरी तरी."

"मंग माणशी तांब्या काढा गं."

"तुला येड लागलं का भामे? प्यायला न्हाई अन इंजिनाला पाजायचं?" साखराबाई म्हणाली.

"आई कोणत्या पोराकडून बोलती, त्ये न ऐकता झोप येईल तुला?"

साखराबाई चप्पल शोधून घराकडे निघाली आणि तांब्या घेऊन आली. तिच्यामागे दुसऱ्याही आल्या. एकीने भांडी विसळलेलं पाणी आणलं, तेव्हा म्हाळूने तांब्यात डोकावून पाहिलं. "मावशे, ह्यात भाताची शितं हायेत. इंजिन जेवत न्हाई." भामाबाईने माठात तळाला राहिलं होतं तेवढं सगळं आणलं.

ही वरात बघून सुंदरराव धावत आले. "काय चाललंय काय? मी तहसीलला टँकरसाठी हातापाया पडतोय अन तुमी पाणी वततायसा इंजिनात?"

"आमच्या माठातलं हाय, दाजी. सोसायटीचं न्हाई," वच्छलाबाई म्हणाली.

"तुमीच तर सभेत म्हणता," भामाबाई म्हणाली, "समद्यांनी थोडं थोडं आणलं की सहकार व्हतो. मंग ह्यो झाला."

सुंदररावांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि शहाण्या माणसाने जावं तसे बाजाराकडे निघून गेले.

इंजिन धडधडलं. पडदा उजळला. आई साक्षीच्या पिंजऱ्यात पोहोचली. वकिलाने विचारलं, "माई, गोळी कुणी झाडली?" आईने दोन्ही पोरांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

बोरखडकमध्ये टँकरचा एक नियम होता. पाराजवळ रिकाम्या घागरींची ओळ कायम लावलेली असे, पण टँकर आला की घागरीमागे तिची मालकीण उभी पाहिजे. ती नसेल तर घागर ओळीबाहेर. शेजारणीने भरलेली चालत नसे. त्यावरून पूर्वी मारामाऱ्या झाल्या होत्या, म्हणून बायकांनीच तो नियम केला होता, आणि तो करताना सगळ्यात मोठ्याने बोलली होती भामाबाई.

गोदाम क्षणात रिकामं झालं. दारातून वच्छलाबाई ओरडली, "भामे, चल की. पुन्ना टँकर परवाच हाय."

भामाबाई अर्धी उठली. माठ कोरडा होता, घागर ओळीत होती, आणि पडद्यावर आईचे ओठ हलत होते. ती परत खाली बसली.

"मावशी, एकटीसाठी चालवू व्हय?" म्हाळूने विचारलं.

"चालव. त्यात माजा बी तांब्या हाय."

आईने नाव घेतलंच नाही. "मी काही बघितलं नाही," एवढं म्हणून ती पिंजऱ्यातून उतरली, दाराबाहेर गेली, गर्दीतून चालत राहिली. कोण सुटलं, कोण अडकलं, काही नाही. पडद्यावर मोठी अक्षरं आली.

"काय लिवलंय त्ये?" भामाबाईने विचारलं.

"समाप्त."

तिने ती अक्षरं जाईपर्यंत पाहून घेतली. मग पाराकडे गेली. टँकर निघून गेला होता आणि तिची घागर ओळीबाहेर आडवी पडली होती.

नियम घागर भरण्याचा होता, भरलेल्यातलं देण्याचा नव्हता. वच्छलाबाईने आपल्या घागरीतलं पाणी तिच्या घागरीत ओतायला घेतलं आणि मध्येच हात थांबवला. "आदी शेवट सांग."

भामाबाईने पाहिला तसा सांगितला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आसा कुटं शेवट आस्तो?" साखराबाई म्हणाली. "आई बोलतच न्हाई? तुला डुलकी लागली आसंल."

"डोळ्यांनी पाह्यला."

"तू आजपत्तूर सांगितलेले समदेच डोळ्यांनी पाह्यले व्हते."

भामाबाईने घागर पुढे सरकवली. वच्छलाबाईने पाणी ओतलं, पण तोंड वाकडं करून.

पिंपात पाणी उरलं नव्हतं, म्हणून रात्रीचा खेळ झाला नाही. सकाळी म्हाळू टॉकीजचं सामान ट्रकमध्ये भरून परळीला निघून गेला. आता बोरखडकमध्ये शेवट पाहिलेलं दुसरं माणूस नव्हतं.

पुढचा आठवडा खडीच्या कामावर गोष्टीशिवाय गेला. "दुसरा शेवट सांग की," बायका म्हणत. "धाकल्याला सोडव, थोरल्याला पस्तावा व्हऊ दे. तुला काय आवगड हाय?" भामाबाई हातोडा चालवत राही. तिला असले तीन शेवट येत होते, आणि तिन्हींतला एकही आईच्या त्या चालण्यापुढे टिकत नव्हता. "एकदाच खरा सांगितला," ती म्हणे, "तर तुमाला खोटा पायजेल."

अखेर वच्छलाबाईने आपला दीर बिभीषण याला कामाला लावलं. तो परळीच्या वीज केंद्रावर मजुरीला जाई आणि एक-दोन दिवसांनी परत येई. पिक्चर शेवटापर्यंत बघायचा, मधे बिडीला उठायचं नाही आणि आई काय बोलते ते येऊन सांगायचं, असं त्याला दोनदा बजावलं. भामाबाई त्याला एस.टी.पर्यंत सोडायला गेली. खिडकीशी उभी राहून तिने तिसऱ्यांदा बजावलं.

बिभीषण शनिवारी गेला. टॉकीज अजून परळीतच आहे आणि तोच पिक्चर चालू आहे, असं सोमवारी कंडक्टरने सांगितलं. मंगळवारी संध्याकाळच्या गाडीनेही बिभीषण आला नाही, आणि भामाबाई खरं बोलते की नाही, हे तसंच राहिलं.